अकरा जणांचे नऊ वाद्यवृंद

प्रिय विहीणबाई,

रोज संध्याकाळी आपलं फोनवर अर्धा-पाऊण तास बोलणं होतं, आणि तरीही टपालानं हे जाडजूड पाकीट आलेलं पाहून तुमच्या कपाळाला आठी पडली असेल. पडू द्या. फोनवर मी वाजवणाऱ्यांचा विषय काढला की तुम्ही फुलांवर जाता, फुलं संपली की खुर्च्यांवर येता, आणि खुर्च्याही संपल्या की नेमकी तुमच्या दारावरची घंटा वाजते. तुमच्याकडे पाहुण्यांचा इतका राबता आहे हे मला या दोन महिन्यांतच कळलं. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून हा कागद. फार तर तुम्ही तो फाडाल, पण तुम्ही पडलात गणिताच्या बाई, शेवटचं उत्तर पाहिल्याशिवाय फाडणार नाही याची मला खात्री आहे. लग्नाला पाच आठवडे उरले, वादकांना शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं आहे, आणि तुम्ही आजवर पाच वाद्यवृंदांना नकार दिलात. हे पत्र त्या पाच नकारांबद्दल आहे.

मुलांनी आपल्याकडे मागितलं तरी काय हो? सभागृह त्यांनी ठरवलं, कपडे त्यांनी ठरवले, कोणी कोणाशेजारी बसायचं तेसुद्धा त्यांनीच कागदावर चौकोन काढून ठरवलं. आपल्या दोघींच्या वाट्याला एकच काम आलं. विधीच्या वेळी आणि नंतरच्या समारंभात संगीत लाइव्ह हवं, माणसं वाजवताना दिसली पाहिजेत, आणि ती कोण हे दोन्ही आयांनी मिळून ठरवायचं. यात तुमच्या लेकीचा कावा होता हे मी तेव्हाच ओळखलं. दोन विहिणींना एका कामाला जुंपलं की त्यांचं भांडण तरी होईल, नाहीतर गट्टी तरी जमेल, आणि जे व्हायचं ते लग्नाआधी होऊन जाईल. तुम्ही चार तासांच्या अंतरावर, म्हणून मी इथे हिंडायचं, ऐकायचं, फोनवर चित्रण करून तुम्हाला पाठवायचं आणि तुम्ही बघून मत द्यायचं असं ठरलं. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. मी बुटांची बाई, तीस वर्षं लोकांचे पाय मापतेय, बूट शिवतेय, जुन्यांना टाचा लावतेय. पण चौकशीची खोड मात्र जन्मापासूनची. आमच्या घरात तिला भोचकपणा म्हणतात, मी कुतूहल म्हणते.

पहिल्या वेळी मी स्टेशनाजवळच्या हॉटेलात गेले होते, आठवतं? तिथे दुपारी काचेच्या मत्स्यपेटीशेजारी चौघं काळे कोट घालून वाजवत बसतात. मला फार आवडलं. मासेसुद्धा थांबून ऐकतायत असं वाटत होतं. तुमचा निरोप दहा मिनिटांत आला, फार संथ आहे. बरं, मग मी वेगवान शोधले. गालिच्यांच्या दुकानावर एक पोटमाळा आहे, तिथे सहा जण लाल जाकिटं घालून सराव करतात. तुम्ही लिहिलंत, फार कर्कश. मग रविवारी सकाळी पोहण्याच्या तलावामागच्या कॅन्टीनमध्ये म्हाताऱ्या जोडप्यांचा नाच असतो तिथे गेले. पाच जण फुलाफुलांचे शर्ट घालून वाजवत होते आणि एक आजोबा काठी खुर्चीला अडकवून नाचत होते. ते चित्रण मी हात न हलू देता, श्वास रोखून केलं होतं, आणि तुमचं मत आलं, ना धड इकडचं ना धड तिकडचं. मी फोन आपटला आणि आमच्या ह्यांना म्हटलं की आपल्याला विहीण मिळालीय ती नुसती कडक नाही, खडूस आहे. हे म्हणाले की मग तुझं छान जमेल. आता हे तुम्हाला सांगून टाकलं, म्हणजे मनात काही राहायला नको.

पण त्या कॅन्टीनमध्येच माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. मी माणसांचे चेहरे विसरते, पाय विसरत नाही. रस्त्यात कुणी ओळखीचं हसलं की मी आधी खाली बघते, मग नाव आठवतं. नाच संपल्यावर वादक चहाला उठले आणि मी सवयीने त्यांचे बूट पाहत होते. क्लॅरिनेट वाजवणाऱ्या माणसाचे बूट मुळात तपकिरी, वरून काळं पॉलिश चढवलेलं, शिवणीच्या कडेला तपकिरी रंग डोकावत होता. उजव्या बुटाचा तळ चवड्याखाली पातळ झालेला, कारण हा बुवा उजव्या पायाने ताल धरतो. आणि डावी टाच बाहेरच्या, मागच्या कोपऱ्यात अशी झिजलेली की सुरीनं तिरकस काप घ्यावा. हा बूट मी मत्स्यपेटीजवळ पाहिला होता. हाच बूट पोटमाळ्यावर लाल जाकिटाखाली पाहिला होता. मी मान वर करून नीट बघितलं. साठीकडे झुकलेला, उंच, किंचित पोक आलेला, दोन्ही मनगटांवर एकेक घड्याळ घातलेला माणूस. दोन घड्याळं कशाला, हा प्रश्न माझ्या जिभेवर आला होता, पण पुढचं गाणं सुरू झालं.

दुसऱ्या दिवशी मी दुकान अर्धा दिवस बंद ठेवून पोटमाळ्यावर गेले. त्या सगळ्यांची जमवाजमव एक पियानोवाल्या बाई करतात. ठेंगण्या, हसऱ्या, आणि पियानोचं पेडल दाबून दाबून उजव्या बुटाची पुढची बाजू चपटी झालेल्या. मी सरळ विचारलं की हाच माणूस तीन ठिकाणी कसा, तर त्या पोट धरून हसल्या. आमच्या गावात, विहीणबाई, लग्नात वाजवणारी माणसं आहेत फक्त अकरा. त्या अकरा जणांचे मिळून नऊ वाद्यवृंद आहेत. त्यांनी मला एक पेटारा उघडून दाखवला, त्यात काळे कोट, लाल जाकिटं, फुलांचे शर्ट, नऊ प्रकारचे गळपट्टे घडी घालून ठेवले होते. गिऱ्हाईक म्हणतं आम्हाला अमुक नको तमुक हवेत, की हे कपडे बदलून तमुक होतात. आणि त्यांना कोणी लबाड म्हणायचं कारण नाही, कारण कपडे बदलले की ते वाजवतातही खरंच वेगळं. मग मी त्यांच्या खनपटीलाच बसले. जेवणाच्या वेळी ड्रमवाला ड्रमवर जाड पंचा टाकतो, म्हणजे घास चावल्याचा आवाज झाकण्यापुरताच ठेका राहतो आणि बोलणं दबत नाही. विधीच्या प्रत्येक सुरावटीला ते एक शेपूट ठेवतात. कुणाचे मामा उशिरा आले, अंगठी सापडेना, सही करायचं पेन उठेना, की शेपूट लांबवायचं, आणि सगळं वेळेवर झालं की ते कापून टाकायचं. ऐकणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मी इतकी रंगले की टाचा न्यायला आलेली दोन गिऱ्हाइकं बंद दाराला शिव्या घालून गेली.

घरी येऊन मी तुमचे नकार ओळीने मांडले. तोवर आणखी दोन झाले होते, एकात तुम्हाला पेटीचा रंग आवडला नव्हता, दुसऱ्यात वादकांची उभं राहायची पद्धत. पाचही ठिकाणी क्लॅरिनेट होतं आणि पाचही ठिकाणी तोच माणूस होता. आता मी जे केलं ते चांगल्या घरच्या बाईने विहिणीशी करायचं नसतं, पण केलं खरं. मी तुमची परीक्षा घेतली. अकरातल्या ज्या चौघांत तो नव्हता त्यांचं एक चित्रण तुम्हाला पाठवलं. त्या दिवशी गाणाऱ्या बाईंना सर्दी होती आणि व्हायोलिनवाला मध्येच थांबून नाक शिंकरत होता. तुमचा निरोप मिनिटाच्या आत आला, सुरेख आहे, हेच घेऊन टाका. गणिताच्या बाईंकडून इतकी उतावीळ बेरीज मी अपेक्षिली नव्हती. तेव्हा मला कळलं की तुमचं वाकडं संगीताशी नाही, त्या एका माणसाशी आहे.

मग मी तर्क लढवायला बसले. पहिला तर्क असा, की याने तुमच्या कुणा नातेवाइकाच्या लग्नात घोळ घातला असेल. दुसरा, आणि तो मला जास्त आवडला, की कॉलेजच्या वयात तुमचं काही जुनं प्रकरण असेल. चामडं कापताना मी त्या प्रकरणाला बराच रंग भरला, त्यात तुम्ही दोन वेण्या घातल्या होत्या. हसू नका. कारण मग मी तुमच्या लेकीचे लग्नाचे बूट करायला घेतले आणि माझं हसू गेलं. गेल्या वर्षी मुलगा तिला पहिल्यांदा घरी घेऊन आला तेव्हा जिन्यात तिच्या बुटाची टाच निखळली होती. माझी-तिची ओळख तिचा बूट हातात घेऊनच झाली. डावी टाच, बाहेरचा कोपरा, मागून तिरकस. तिला मी तेव्हा विचारलं होतं, तर ती हसत म्हणाली होती की आई लहानपणापासून ओरडते, सरळ चाल म्हणून. ती मोकळेपणाने हेही म्हणाली होती की ती चार वर्षांची असताना वडील दोघींना टाकून निघून गेले आणि ते कुठे आहेत हे कोणालाच माहीत नाही. आणि आणखी एक गोष्ट तिने सहज सांगितली होती, की इथल्या रुग्णालयातली नोकरी तिने घेतली तेव्हा तुम्ही आठ दिवस तिच्याशी बोलला नव्हतात. मी तेव्हा म्हटलं, एकुलती एक लेक लांब जाते म्हणून आईला वाईट वाटलं असेल. आता तिच्या लग्नाच्या डाव्या टाचेला आतून चामड्याची पट्टी लावताना माझा हात थांबला. तीस वर्षांत मी आईबापांची आणि पोरांची चाल एकसारखी असलेली कितीदा पाहिली आहे. पण टाचेवरून कुणाचं घर उघडं पाडायचं नसतं, म्हणून मी गप्प बसले. गप्प बसणं मला किती जड जातं ते आमच्या ह्यांना विचारा.

गप्प बसले, पण मी त्या माणसाला बूट घेऊन दुकानात यायला सांगून बसले होते. तसली टाच उघड्या डोळ्यांनी बघवत नाही मला. मागच्या मंगळवारी दुपारी तो आला. मी त्याला स्टुलावर बसवलं, पायाखाली वर्तमानपत्र घातलं आणि बूट उलटे करून कामाला लागले. मी त्याला काहीही विचारलं नाही, शपथ. चूक झाली ती वेगळीच. तुमच्या लेकीचे बूट मी मागच्या फळीवर सुकायला ठेवले होते, तळ वर करून. तो इकडेतिकडे बघता बघता त्यांच्याकडे बघू लागला. डाव्या टाचेची ती पट्टी त्याने ओळखली, कारण तशीच मी त्याच्या बुटाला लावत होते. कौतुकाने म्हणाला की माझ्यासारखं चालणारं आणखी कोणी आहे वाटतं. मी बोलण्याच्या भरात सांगितलं की होणाऱ्या सुनेचे आहेत, जिच्या लग्नात तुम्ही वाजवाल अशी मला आशा आहे त्याच मुलीचे. त्याने तिचं वय विचारलं. मी सांगितलं. आई काय करते विचारलं. मी म्हटलं, गणित शिकवते. मग त्याने वर्तमानपत्रावरचे आपले पाय जवळ ओढले आणि म्हणाला की त्या तारखेला मला जमणार नाही.

त्याने जे सांगितलं ते मी खणून काढलेलं नाही, त्याचं त्यानेच सांगितलं, आणि सांगताना एकदाही तुम्हाला बोल लावला नाही. मुलगी चार वर्षांची असतानाची गोष्ट, एका दुपारी तिला बालवाडीतून आणायचं काम त्याचं होतं. सराव रंगला आणि तो विसरला. पोर फाटकाबाहेर पडून एकटीच चालत निघाली आणि संध्याकाळी मोठ्या रस्त्याच्या कडेला एका दुधाच्या गाडीवाल्याला सापडली. आठवड्याच्या आत तुम्ही तिला घेऊन हे गाव सोडलंत आणि त्याच्याकडून शब्द घेतलात की पुन्हा कधी समोर यायचं नाही. तो म्हणतो, तिचं बरोबर होतं. तेव्हापासून तो दोन्ही हातांत घड्याळ घालतो, एक बंद पडलं तर दुसरं असावं म्हणून. मी मान खाली घालून खिळे ठोकत राहिले, कारण माझे डोळे भरून आले होते. तो गेला नव्हता तर. तुम्ही निघालात, आणि लेकीला सांगितलंत की तो गेला.

मी तुम्हाला नावं ठेवायला बसलेले नाही. हे एका बाजूचं ऐकलेलं आहे, आणि त्या एका दिवसाच्या आधी तुम्ही कितीदा सहन केलं असेल, किती जेवणं झाकून ठेवली असतील, हे मला माहीत नाही. शिवाय मी कोणत्या तोंडाने बोलणार? माझा मुलगा तीन वर्षांचा होता तेव्हा मी त्याला बसमध्ये विसरले होते. शेजारी बसलेल्या बाईंच्या नणंदेची भानगड ऐकण्यात मी इतकी गुंतले की थांबा आल्यावर पिशवी घेऊन उतरले आणि पोर आत. दोन थांबे मी त्या बसमागे धावले. मला आजही बसचं दार बंद होताना पाहवत नाही. आमचे हे तेव्हा एवढंच म्हणाले की पुढच्या वेळी पिशवी विसर. मला माफी मिळाली, त्याला मिळाली नाही, आमच्यात फरक असला तर एवढाच. आणि तुमची भीती मला कळते. तो परत येईल ही भीती नाही ती. आईने आपल्याला खोटं सांगितलं हे लेकीला कळेल, ही आहे. मलाही तीच वाटली असती.

आता परवाचं सांगते. मी पियानोवाल्या बाईंकडे गेले होते, क्लॅरिनेटशिवाय काय जमेल ते विचारायला. तुमचा मान राखायचा असं मी ठरवलं होतं. जिन्यात पावलं वाजली आणि आपली दोन्ही पोरं वर आली. आपण दोघी आया महिनाभर घोळ घालतोय म्हणून त्यांनी परस्पर येऊन ऐकायचं ठरवलं होतं. तो कोपऱ्यात बसून क्लॅरिनेटच्या तोंडाशी असते ती वेताची पातळ पट्टी बदलत होता. मी त्याला डोळ्यांनी खुणावलं, पण तो माझ्याकडे बघतच नव्हता. पियानोवाल्या बाईंना यातलं काहीच ठाऊक नाही, त्यांनी नेहमीप्रमाणे मुलीला सांगितलं की या भिंतीपासून त्या खिडकीपर्यंत चालून दाखव, तुझी चाल बघून आमचे क्लॅरिनेटवाले सुरावट बसवतील. तशी त्यांची पद्धतच आहे. ती निघाली. तिला बघायला माणसं असली की ती आणखीच तिरकी चालते, तुम्हाला माहीत आहे. पहिली दोन पावलं त्याने नुसतं पाहिलं आणि तिसऱ्या पावलाला क्लॅरिनेट ओठाला लावलं. मला संगीतातलं कळत नाही हे मी वर सांगितलंच. पण ती डाव्या पायावर जिथे जरा रेंगाळते तिथे तो सूरही जरा रेंगाळत होता, आणि ती खिडकीशी पोचली तेव्हा सुरावट संपली. ती तिथेच उभी राहिली. मग म्हणाली की हेच हवेत, दुसरं कोणी नको.

आता शेवटचं, आणि ते मी तुला अगं-तुगं करूनच लिहिते, कारण अहो-जाहो करत हे लिहिता येणार नाही. त्याने तिला सांगितलं की त्या दिवशी मी दुसरीकडे बांधलेला आहे. ती हट्टाला पेटली, तुझीच लेक ती, आणि त्याला मनवायचं काम तिने माझ्यावर सोपवलंय. शुक्रवारी संध्याकाळी ती उत्तर विचारायला दुकानात येणार आहे. तू म्हणालीस तर मी तिला सांगेन की तो मोकळा नाही, आणि तिच्या डोळ्याला डोळा न देता का होईना, ते निभावून नेईन. जे तुझं सांगणं आहे ते मी सांगणार नाही, आजही नाही आणि उद्याही नाही. पण त्या पोटमाळ्यावर पुढे काय झालं ते तुला कळलंच पाहिजे, त्यासाठीच एवढं लिहिलं. निघताना तिने सहज, आपली बोलायला काहीतरी म्हणून, त्याला विचारलं की तुमच्या मुलांच्या लग्नात तुम्हीच वाजवलंत का. तो तिच्याकडे बघून हसला आणि म्हणाला की मला मूलबाळ नाही. बावीस वर्षांपूर्वी तुला दिलेला शब्द त्याने माझ्या डोळ्यांदेखत, तिच्या तोंडावर असा पाळला. तेव्हापासून माझ्या हाताला काम सुचत नाही. तू ज्याला भितेस तो माणूस तुझ्याविरुद्ध एक अक्षर बोलणार नाही, त्याची सख्खी लेक समोर उभी असतानासुद्धा बोलला नाही. म्हणून तुलाच बोलायचंय, आणि ते तिने दुसऱ्या कुणाकडून ऐकायच्या आधी. शुक्रवारी सकाळच्या गाडीने ये. मी दुकान बंद ठेवेन, तुम्हा मायलेकींना आत बसवेन आणि बाहेर पायरीवर थांबेन. ती रागावेल, रडेल, कदाचित दार आपटून बाहेर येईल. आली तर मी तिला धरून परत आत पाठवते.

तुझीच,
पायरीवर थांबलेली विहीण